सीटला पाजलेलं एरंडेल

सायकलच्या दुकानदाराला किस्से गोळा करावे लागत नाहीत, गिऱ्हाईकच ते सीटवर बसवून आणतं! लढाईच्या आधी भोरला आमचं दुकान होतं. चामड्याची सीट पावसात भिजायची, बुरशी धरायची, आणि तिला काय चोळावं यावर ज्याचं त्याचं स्वतंत्र मत असायचं.

*

एका वकीलसाहेबांना मी थोडी चरबी चोळायला सांगितली. "शिव शिव! त्यावर मी बसू?" चामड्यावर बसत होते, ते चालत होतं! घरी जाऊन त्यांनी साजूक तूप चोळलं.

कोर्टात वकील उभेच असतात. पण दुसऱ्या दिवशी साहेब घरी जेवलेसुद्धा उभ्यानंच. मुंग्या!

*

मार्गासनीच्या तात्यांनी भिजलेली सीट चुलीपाशी वाळवली. ती आक्रसून कडक झाली. मी म्हटलं, "तात्या, आता हिला तेल लावून उपयोग नाही."

"मग काय तळू व्हय हिला?"

*

आता महादू मास्तर. माझे दोस्त, शाळेत शिकवायचे. दोन ठिकाणांहून नकार आलेला, म्हणून भोंगवलीचं स्थळ जमावं असं त्यांच्या फार मनात होतं. माझ्याही. माणूस खरंच चांगला!

मुलीच्या दारात सीट करकरायला नको म्हणून मुलगी बघायला जायच्या आदल्या दिवशी त्यांनी सीटला एरंडेल पाजलं. खालच्या बाजूनं बोटभर लावायचं आणि पुसून घ्यायचं असतं. मास्तरांनी वाटीभर ओतलं! मी सोबतीला होतो. भोंगवलीत सायकलींवरून उतरलो, तर मास्तरांच्या पांढऱ्या धोतराला मागं भाकरीएवढा डाग.

मास्तर भिंतीला पाठ घासत आत शिरले आणि घोंगडीवर बसले ते बसलेच. मुलीचे आजोबा आले, सगळे उठले, हे नाहीत. वडिलांना शंका आली.

"मास्तर, पाय बरं हायेत न्हवं? जरा चालून दावा!"

मुलीला चालायला लावतात हे ठाऊक होतं, पण मुलाला? मास्तर घामाघूम होऊन उठले आणि मंडळींकडे तोंड ठेवून उलटे चालू लागले!

आजोबा खूश. "बगा, वडीलधाऱ्यांना पाठ दावत न्हाई पोरगा!"

पण मागं स्वयंपाकघराचं दार होतं आणि दारात मुलगी उभी होती. तोंडाला पदर लावून ती आत पळाली. संपलं, असं मला वाटलं. फार वाईट वाटलं.

थोड्या वेळानं मुलीची मामी बाहेर आली. हातात जुन्या लुगड्याच्या फडक्याची घडी.

"पोरीला पसंत हाय," ती म्हणाली. "आन् हे सीटवर टाकायला दिलंय तिनं."