घोडा शिंकला त्याची गोष्ट
परवा डांबरगोळ्या घेताना नाक हुळहुळलं आणि तो घोडा आठवला. झाशीतल्या आमच्या रेल्वे कॉलनीत सव्वीस जानेवारीला मराठी मंडळी झाशीच्या राणीचं मूकनाट्य करत, कारण आम्हा पोरांना मराठी संवाद धड जमत नसत. राणीच्या घोड्याचे मागचे पाय मी होतो. डांबरगोळ्यांच्या वासाच्या कांबळ्याखाली नाक आणि मी, दोघंही चुळबुळत होतो. "आवाज केलास तर पुढच्या वर्षी घोडा नाही," राणी झालेल्या मावशीने बजावलं होतं. "रोक ले, भैया," पुढचे पाय कुजबुजले. राणीने तलवार उपसली, मैदान गप्प झालं, आणि घोडा मागून शिंकला. पुढच्या वर्षी लोकांनी शिंकच मागितली, म्हणून घोडा माझ्याकडेच राहिला. यंदा मागचे पाय भाचीचे. "मामा, छींक आती ही नहीं," म्हणाली. म्हणून तर डांबरगोळ्या घेतल्या.