प्रश्नावली घेऊन आलेलं स्थळ

एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला लघुप्रबंध करायचा होता. वर्गातल्या निम्म्या जणांनी आपापल्या गल्लीत प्रश्नावल्या वाटून तो उरकला. मी तसलं काही करणार नव्हते. शेतकरी कुटुंबांची मिळकत कशी बदलते आहे हा माझा विषय होता आणि त्यासाठी मी काष्टीच्या पुढचं, कॅनॉलचं पाणी न पोचणारं एक गाव निवडलं होतं. नमुना कसा निवडायचा, प्रश्न कसा मांडायचा म्हणजे समोरचा आपल्याला हवं तेच बोलणार नाही, सगळं मला पाठ होतं. नगरच्या कॉलेजातले माझे गाईड सर म्हणाले, सोबत एखादा अनुभवी माणूस घे. मी म्हटलं, सर, मी श्रीगोंद्याच्या शेतकऱ्याचीच मुलगी आहे, मला कुणी शिकवायची गरज नाही.

घरून मात्र एकटीला सोडेनात. म्हणून आत्या बरोबर आली. काठाची साडी, ठसठशीत कुंकू, आणि कुठल्याही घरात शिरण्याआधी गोठ्याकडे एक नजर. ती सतरंजीवर मांडी घालून चहा घ्यायची आणि मी शेजारी बसून विचारायचे: घरात माणसं किती, जमीन किती, बागायत का जिरायत, घर स्वतःचं का, मुलगा किती शिकला, काय करतो.

लोक इतकं भरभरून सांगत होते की मी हुरळून गेले. मिळकतीबद्दल माणसं हातचं राखून बोलतात असं पुस्तकात होतं. इथं तर लोक स्वतःहून अंगणात नेऊन बोर दाखवत होते. पहिल्याच घरातल्या मावशींनी सगळी जमीन बागायत सांगितली. मुलगा कंपनीत परमनंट आहे म्हणाल्या. तो भर दुपारी इस्त्रीचा शर्ट घालून खांबाला टेकून उभा होता, मान खाली घालून. पुढच्या घरी आम्हाला शिरा मिळाला. तिथं माझे प्रश्न संपल्यावर आत्यानं हळूच विचारलं, पोरगं पितं का? बाहेर आल्यावर मी तिला झापलं की माझ्या प्रश्नावलीत नसलेलं काही विचारायचं नाही. ती म्हणाली, विचारलेलं बरं असतं.

संध्याकाळी माझा मोबाईल वाजायला लागला. उत्तर देणाऱ्याला संशोधकाशी बोलता आलं पाहिजे असा नियम, म्हणून मी घरोघर माझा नंबर ठेवून आले होते. त्यावर बायोडाटे यायला लागले. वर देवाचं नाव, खाली फोटो, उंची, रक्तगट, शेती. एकामागून एक. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. शेती करणाऱ्या पोरांची लग्नं जमत नाहीत, हे काय मला माहीत नव्हतं? आणि अशा गावात लग्नाच्या वयाची मुलगी आत्याला घेऊन येते आणि मुलीकडचे विचारतात तेच प्रश्न, जवळजवळ त्याच क्रमानं, विचारते. गावानं काय समजायचं?

दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं. बायोडाट्यातली जमीन आणि प्रश्नावलीतली जमीन तंतोतंत जुळत होती. सर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. म्हणाले, उत्तरं एकमेकांशी जुळतात, फक्त खरी नाहीत. मग गंभीर होऊन त्यांनी सगळं बाद करून दुसरं गाव घ्यायला सांगितलं. मला संताप आला, गावाचा नाही, त्या सल्ल्याचा. ज्या गल्लीत घरटी बागायत होती तिच्याच तोंडाशी मी पाण्याचा टँकर पाहिला होता, आणि हंड्यांची रांगही. खरं काय ते मला दिसत होतं, फक्त त्यांच्या तोंडून यायला हवं होतं. शिवाय दुसरं गाव म्हणजे वर्ष वाया, आणि घरचे एक वर्ष थांबायला तयार नव्हते. माझाही बायोडाटा फिरत होता.

घरी भांडून मी एकटी परत गेले, त्याच पहिल्या घरी. मावशी शेंगा फोडत होत्या, मुलगा बांधावरून नुकताच आलेला, पाय मातीचे. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं की मी स्थळ बघायला आले नव्हते, हा माझा अभ्यास आहे, मला खरे आकडे हवेत. मावशींचा चेहरा पडला. खूप वाईट वाटलं मला. पण मी निघून गेले नाही.

मग त्या म्हणाल्या, "तुझा अब्यास ऱ्हाऊ दे. शेती करनाऱ्या पोराला तू व्हय म्हनशील का?"

संशोधकानं स्वतःचं मत सांगू नये हे पुस्तकात पहिल्याच पानावर होतं. पण ही बाई मला खरं विचारत होती, आणि मी तिच्याकडे खरं मागायला आले होते. माझ्या बायोडाट्यात अपेक्षांच्या रकान्यात 'नोकरदार' हा शब्द मीच लिहायला लावला होता. मुलगा समोरच उभा होता.

"नाही मावशी," मी म्हटलं.

त्या रागावतील, निघून जायला सांगतील असं वाटलं. त्यांनी शेंगांची पाटी बाजूला सारली, मला बसायला जागा केली आणि म्हणाल्या, "लिव मग आता."

जमीन होती तेवढीच, पण सगळी जिरायत. बोर दोन उन्हाळ्यांपूर्वीच आटलेली. मी आधीची उत्तरं खोडून नवी लिहीत गेले आणि मुलगा काय करतो या प्रश्नाशी आले. तिथं मला पुढं विचारवेना. मावशींनी शेंगांची पाटी पुन्हा पुढ्यात ओढली.

तेव्हा तो पहिल्यांदाच बोलला. "शेती करतो, लिवा," तो म्हणाला. "आन् चांगली करतो."