एकसारखे दोन जबाब

पोलीस खात्यातल्या नोकरीतली कित्येक प्रकरणं आता धूसर झाली आहेत. निवृत्तीनंतर परक्या देशात पाहिलेलं हे एक मात्र तपशिलासकट डोळ्यांसमोर उभं राहतं.

मुलगी जर्मनीतल्या एका लहान शहरात पीएच.डी. करत होती. मी तिच्याकडे राहायला गेलो होतो. ती तिथल्या हौशी नाटकमंडळीत काम करायची. त्यांच्या नाटकात ढोल वाजवणाऱ्या सेनेगलच्या एका कलाकाराला तालमीला जाताना बसथांब्यावर दोन पोलिसांनी अडवलं. थांब्यावर बाकी सगळे गोरे होते. ओळखपत्र फक्त त्याच्याकडे मागितलं. झटापटीत त्याचं मनगट मोडलं आणि वर गुन्हाही त्याच्यावरच दाखल झाला: पोलिसांवर हल्ला.

मंडळींनी नाटकाचा पहिला प्रयोग रद्द केला. गावातले गायक, चित्रकार, नर्तक दर शनिवारी दुपारी ठाण्यासमोर तासभर मुकाट उभे राहू लागले. मला ते पटेना.

"पोलीस उगीच हात उचलत नाहीत," मी म्हणालो.

मुलगी चिडली. "बाबा, आधी कागद तर बघा."

वकिलाने मिळवलेल्या पोलिसांच्या जबाबांच्या प्रती ढोलवाल्याने आमच्यापुढे ठेवल्या. मुलगी मराठीत सांगत गेली. दुसऱ्या पोलिसाचा जबाब सुरू झाला आणि मी तिला थांबवलं. शब्द तेच, क्रम तोच. ती म्हणाली, शुद्धलेखनाची चूकही तीच. एकच घटना दोन माणसं कधीच सारखी सांगत नाहीत. सांगितलीच, तर एकाने सांगितलेलं दुसऱ्याने उतरवून घेतलेलं असतं.

"गेनाऊ! अगदी बरोबर!" ती म्हणाली. मग हळूच विचारलं, "तुम्ही कधी केलंत असं?"

ढोलवाला प्लॅस्टरमधला हात मांडीवर घेऊन बसला होता.

"हो. एकदा हवालदाराला जबाब मीच सांगितला होता. निर्दोष माणूस चार महिने आत राहिला."

त्या शनिवारी मीही ठाण्यासमोर उभा राहिलो. खबर तिथेच मिळाली. एक वयस्क चित्रकार म्हणाला, थांब्यासमोरच्या बेकरीतली बाई त्या दिवसापासून खिडकीचा पडदा ओढून ठेवते.

दुभाषी म्हणून मुलीला घेऊन मी बेकरीत गेलो. साक्षीदाराला पहिला प्रश्न घटनेचा विचारायचा नसतो. मी पावाबद्दल विचारलं, भट्टीबद्दल विचारलं, मग ती काम करताना कुठे उभी राहते ते. तिने जागा दाखवली, पडदा जरा सारला. थांबा अगदी समोर होता.

"त्याने हात उचलला नाही," ती आपणहून बोलली. "दोन्ही हातांनी ढोल धरला होता." आणि लगेच घाबरली. "कोर्टात मी येणार नाही. ते पोलीस इथे कॉफीला येतात. मी एकटी आहे."

मी जोर केला नाही. पण कलाकारांनी तिला एकटं ठेवलं नाही. हिवाळाभर रोज कोणी ना कोणी बेकरीत येऊन बसायचं, संवाद पाठ करायचं, चित्रं काढायचं. साक्षीचा विषय कोणी काढला नाही. शेवटी तिनेच मुलीला विचारलं, "सुनावणी किती वाजता आहे?"

मधल्या काळात मी भारतात परतलो होतो; सुनावणीसाठी पुन्हा गेलो. कोर्टाचा व्हरांडा कलाकारांनी भरला होता. बाईने पाहिलं ते सांगितलं आणि तिचा जबाब ढळला नाही. मग न्यायाधीशांनी दोघांतल्या तरुण पोलिसाला त्या शुद्धलेखनाच्या चुकीबद्दल विचारलं.

"मला सांगितलं ते मी लिहिलं," तो म्हणाला.

ढोलवाला निर्दोष सुटला. दोन्ही पोलिसांची चौकशी दुसऱ्या कार्यालयाकडे गेली.

खात्याला डाग लागू नये म्हणून आम्ही जबाब जुळवायचो. जुळवलेल्या जबाबाने डाग पुसला जात नाही. तो फक्त दुसऱ्याच्या अंगावर जातो. हे मला वर्दीत असताना कळायला हवं होतं. ते शिकवलं ठाण्यासमोर मुकाट उभ्या राहिलेल्या नाटकवाल्यांनी.