काचेच्या तळाची बोट

ती घटना आठवली की आजही मला आधी हसू येतं आणि मग त्या मुलाचा चेहरा डोळ्यांसमोर येतो. मी तेव्हा बेंगळुरात मारतहळ्ळीच्या बाजूला एका ठाण्यात इन्स्पेक्टर होतो. सकाळची हजेरी संपते न संपते तोच एक आयटीतला तरुण धावत आला. मूळचा पुण्याचा, आईला घेऊन इथे राहणारा. आई घरात नव्हती आणि तिचा फोन फ्रिजवर पडलेला होता.

"सर, आईला कोणीतरी किडनॅप केलंय," तो म्हणाला.

मिसिंगची तक्रार नोंदवून मी त्याच्या अपार्टमेंटवर गेलो. वॉचमनने खबर दिली, की सकाळी एका बाईने आजींचा हात धरून त्यांना एअरपोर्टच्या टॅक्सीत बसवलं. मुलगा पांढराफटक पडला. त्यात देवघर रिकामं निघालं.

"चांदीचे देव पण नेले सर!" तो ओरडला.

मी त्याची उलटतपासणी सुरू केली. आईच्या गोळ्या, शुगर, रोजचं चालणं, सगळं त्याच्या मोबाईलवर हजर होतं. पोरगा मायाळू होता, त्यात वादच नाही.

"त्यांना कुठे जायचं होतं का?" मी विचारलं.

"आईला? ती कुठे जाणार? तिचे गुडघे दुखतात."

शेजारच्या अक्का माझ्यासारख्याच, पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरात मुरलेल्या मराठी घरातल्या. काहीही विचारलं तरी त्यांचं एकच उत्तर, "मला काय ठाऊक अण्णा? स्वल्प कॉफी घ्या." सराईत चोरही इतक्या शांतपणे खोटं बोलत नाहीत.

मग स्वयंपाकघराची झडती घेताना ओट्याच्या कोपऱ्यात एक झाकलेला डबा दिसला. आत तांदळात बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा आरामात पहुडलेले. मुलाला काही उमगेना. मला उमगलं, कारण गावाला जायचं असलं की माझी आईही देव असेच तांदळात ठेवायची. मुलगा पूजा करणार नाही हे त्या माऊलीला पक्कं ठाऊक होतं. पळवून नेलेली बाई काही देवांची सोय लावून जात नाही.

डबा घेऊन मी अक्कांच्या दारात उभा राहिलो. डबा बघताच त्यांचा बांध फुटला.

"सरी अण्णा, सांगते. पण तिला अर्ध्यातून माघारी आणू नका हं!"

टॅक्सीतली बाई अक्कांची बहीण होती. दोघी अंदमानातल्या एका छोट्या बेटावर निघाल्या होत्या. आजींच्या नवऱ्याच्या रिटायरमेंटनंतर जोडीने तिथे जायचं ठरलं होतं, पण तो त्याआधीच वारला. मुलाकडे विषय काढला की तो म्हणायचा, "पुढच्या वर्षी नक्की, आई."

संध्याकाळी बहिणीच्या नंबरवर फोन लागला. मागे वारा घोंघावत होता.

"साहेब, आत्ताच फेरीतून उतरलोय," आजी म्हणाल्या. "गोळ्या घेतल्यात. उद्या काचेच्या तळाच्या बोटीत बसायचंय, खालचं प्रवाळ दिसतं म्हणे. तेवढं बघू द्या. मुलाला कळलं तर तो पहिल्या विमानाने मला न्यायला येईल."

सज्ञान बाई, स्वखुशीने गेलेली. कायदा तिच्या बाजूने होता आणि मीही. तिथल्या चौकीत जाऊन जबाब द्या, एवढंच सांगितलं. जबाब झाल्यावर तिथल्या हवालदाराने दोघींना जीपमधून धक्क्यावर सोडलं. मुलाला मी आई सुखरूप असल्याचं सांगितलं, पत्ता सांगितला नाही. फार चिडला माझ्यावर!

सुट्टी पुरी करून आजी तक्रार बंद करायला ठाण्यात आल्या. उन्हाने नाक सोललेलं, चेहरा फुललेला. मुलगा हाताची घडी घालून उभा होता.

"लिहा," आजी जबाब लिहिणाऱ्या रायटरला म्हणाल्या, "मी हरवले नव्हते. फिरायला गेले होते."

मुलाने त्या सोललेल्या नाकाकडे बघितलं. मग हळूच म्हणाला, "आई, बोटीतून काय दिसलं गं?"

त्या सांगत सुटल्या. मासे, प्रवाळ, बेटावरची खच्चून भरलेली बस, भाड्याची स्कूटर. रायटरने पेन खाली ठेवलं. मला त्या क्षणी दोघांचंही फार कौतुक वाटलं.

त्यानंतर कोणी वयस्कर माणूस हरवलं की फोटो मागायच्या आधी मी घरच्यांना विचारायचो, त्यांना कुठे जायचं होतं? बहुतेकांना सांगता यायचं नाही.

परवा बाजारात अक्का भेटल्या. म्हणाल्या, शेजारचे देव पुन्हा तांदळात आहेत. या खेपेला मुलाने स्वतःच्या हाताने ठेवले आणि तोही आईबरोबर गेलाय.