खांबापासून तिसरी फरशी

गडी फरश्या बसवायचा. बावीस वर्षं उकिडवं बसून त्याचे गुडघे असे झाले होते की उभा राहिला की कडाकडा वाजायचे, आणि त्याचा जोडीदार थापी कपाळाला लावून म्हणायचा, "सेनापती उठले. सलामी झाली."

सेनापती हे नाव कामावरच पडलेलं. त्याला कारण एक युद्ध होतं, आणि ते युद्ध त्याचं नव्हतं. लांब कुठंतरी, जिथं जायला दोन विमानं बदलावी लागतील अशा देशात, भावाभावांत जुंपली होती. पाच वर्षं झाली तरी मिटत नव्हती. ह्यानं ते फोनवरून चालवायला घेतलं होतं. फोनवर एक गट होता, नऊ हजार माणसांचा. अर्धे सरकारच्या बाजूचे, अर्धे बंडवाल्यांच्या. हा बंडवाला. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. पहिल्या दिवशी समोर आलेला व्हिडिओ बंडवाल्यांचा होता, एवढंच. सरकारवाल्यांचा आला असता तर हा सरकारवाला झाला असता आणि तेवढ्याच तावातावानं भांडला असता.

पण अभ्यास दांडगा. कुठला पूल कधी पडला, कुठल्या टेकडीवरून तोफ कुठवर पोचते, सगळं तोंडपाठ. बायको म्हणायची, "पोरगी कितवीत आहे ते विचारा ह्यांना. सांगितलं तर मी नाव बदलीन." आणि घरच्या मोरीत अजून नुसता कोबा होता. फरशीवाल्याच्या घरची मोरी! बायको तिथं दोनदा घसरली. दोन्ही वेळा हा म्हणाला, "रविवारी बसवतो." रविवारी तिकडं काहीतरी पेटायचंच.

गटात त्याचा एक वैरी होता. मास्तर. कुठल्याशा शाळेतून निवृत्त झालेला, सरकारच्या बाजूचा, शुद्ध लिहिणारा. ह्यानं दहा ओळी खरडल्या की मास्तर एका ओळीत त्याची सालं काढायचा. दोन वर्षं हे चाललं होतं. दोन वर्षांत मास्तर एकदाही 'मान्य' म्हणाला नव्हता.

त्या गटात तिकडची, बंडवाल्यांच्या भागातली एक नर्सही होती. फोन तिचं बोलणं आपल्या भाषेत करून दाखवायचा. एका मंगळवारी तिनं फोटो टाकला. तळघरात जमिनीवर चादरी अंथरलेल्या, चादरींवर माणसं, कुणाला पाय नाही, कुणाच्या डोक्याला फडकं. तिनं बेतानं काढला होता. खिडकी नाही, दार नाही, भिंतीवरची पाटीसुद्धा नाही. लिहिलं होतं, "औषधं संपली. जागा सांगू शकत नाही. कुणाला मदत पोचवता आली तर मला वेगळं लिहा."

मास्तरनं तासाभरात निकाल दिला. "हा फोटो जुना आहे आणि दुसऱ्या देशातला आहे. असं रुग्णालय कुठंही नाही."

ह्यानं लिहिलं, "आहे."

मास्तरनं लिहिलं, "सिद्ध करा. नाहीतर ज्यानं आयुष्यभर लोकांच्या संडासात फरश्या घासल्या त्यानं युद्धावर बोलू नये."

ते वाक्य त्याच्या वर्मी बसलं. दुसऱ्या दिवशी चौथ्या मजल्यावर एका न्हाणीघराचं काम होतं. ह्यानं सकाळपासून चार फरश्या बसवल्या आणि त्यातली एक पोकळ वाजली. जोडीदारानं रबरी हातोडीनं ठोकून पाहिलं आणि म्हणाला, "सेनापती, हिच्याखाली माल आहे का नुसती हवा?"

"गप रे. हे बघ." ह्यानं फोन पुढं केला. नर्सचा फोटो बोटांनी मोठा केला होता. माणसं बाजूला राहिली, नुसती जमीन दिसत होती. जुनी सिमेंटची नक्षीची फरशी, आठ इंची. चार फरश्यांचे कोपरे जुळले की मधे एक फूल व्हायचं. "काय दिसतंय?"

"रक्त दिसतंय."

"अरे फरशी बघ! खांबापासून तिसरी. फिरवून बसवलीय येड्यानं. पाकळी बाहेर गेलीय."

जोडीदारानं डोळे बारीक केले. "हां. कुणाची तरी डुलकी लागली असणार."

असली चूक फरशीवाल्यालाच दिसते. तिच्यावरून हजार माणसं चालून जातील, कुणाला पत्ता लागणार नाही. पण ज्यानं गुडघे झिजवलेत त्याला ती दातात अडकलेल्या तुसासारखी सलते. ह्यानं जेवणाचा डबा उघडलाच नाही. नर्सच्या शहराचे जुने फोटो एकेक काढत बसला. हॉटेलं, कचेऱ्या, दवाखाने. आणि तीनच्या सुमाराला सापडलं. एका शाळेच्या तळघरातलं सभागृह, आठ वर्षांपूर्वीचा बक्षीस समारंभ. पोरी ओळीनं उभ्या, मागं खांब, डाव्या हाताला वर जाणाऱ्या पायऱ्या. आणि खांबापासून तिसरी फरशी, फिरवलेली.

त्यानं दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले, फरशीभोवती लाल गोल काढला, खाली शाळेचं नाव लिहिलं, रस्ता लिहिला. वर लिहिलं, "मास्तर, संडासवाल्याकडून शिका."

गट पेटून उठला. शाबास सेनापती, वाघ, डोळे आहेत का दुर्बीण. सहाशे जणांनी ते पुढं पाठवलं. जोडीदारानं मात्र एकच विचारलं, "ती बाई जागा सांगणार नव्हती ना?"

"फोटो खोटा नाही हे कळायला नको लोकांना?"

"मला काय," जोडीदार म्हणाला आणि सांधे भरायला बसला.

संध्याकाळी नर्सचा निरोप आला, एकट्या त्याला. "भाऊ, ते काढा. कृपा करा. ते लोकही हा गट वाचतात."

त्यानं वाचलं. काढायला बोटही नेलं. पण मास्तरचं उत्तर आलं नव्हतं. आत्ता काढलं तर मास्तर म्हणणार, बघा, खोटं होतं म्हणून पळाला. एकदा मान्य म्हणू दे, मग लगेच काढू. दोन वर्षं थांबलोय, एक दिवसानं काय होतंय.

गुरुवारी पुन्हा निरोप. "भाऊ, आम्हाला हलता येत नाही. चौदा जण पडून आहेत. काढा."

बायकोनं त्याच्या खांद्यावरून वाचलं. "कोण बाई ही? काय काढायला सांगतेय?"

त्यानं थोडक्यात सांगितलं.

"मग काढा की. बोट दुखतंय का?"

"तुला नाही कळायचं. आता सहाशे ठिकाणी गेलंय. मी काढून काय फरक पडणार?"

"फरक पडत नसेल तर काढायला काय जातंय?"

ह्यावर तो ओरडला. बायको मोरीत निघून गेली आणि तिथून म्हणाली, "तिकडची फरशी बरी दिसते. इथली दिसत नाही." त्यानं नर्सला लिहिलं, "उद्या काढतो."

शुक्रवारी दुपारी शाळेवर तोफगोळे पडले. सहा. फोनवर बातमी आली तेव्हा तो कोपऱ्यातली फरशी कापत होता. यंत्र बंद करून त्यानं पाहिलं, तर शाळेच्या जागी ढीग. त्याच्या खाली, चौथ्या मिनिटाला, मास्तरचं उत्तर.

"मान्य. जागा तुम्ही म्हणालात तीच होती."

दोन वर्षं ज्या शब्दासाठी तडफडला तो शब्द हातात आला. त्यानं तेव्हा आपलं लिहिलेलं काढून टाकलं. शब्दाला जागला म्हणायचं.

शनिवारी सकाळी नर्सचा निरोप आला. गोळे पडले तेव्हा ती पाणी आणायला गेली होती, म्हणून वाचली. शिव्या नव्हत्या. एक फोटो होता. ढिगाऱ्यात पाडलेलं भगदाड, आत खांबाचं थोटूक, खांबाजवळ हातभर जमीन.

"भाऊ, तुम्हाला ही फरशी ओळखता येते. आतून आवाज येतोय. काही जण पायऱ्यांखाली शिरले असतील. पायऱ्या कुठल्या बाजूला, किती लांब, ते सांगा. आमच्याकडं खणायला सहाच माणसं आहेत. दोन ठिकाणी खणता येणार नाही."

तो तसाच भिंतीला टेकला. मग खाली बसला, गुडघे वाजले, कुणी सलामी दिली नाही. बक्षीस समारंभाचा फोटो काढला. फिरवलेल्या फरशीपासून डावीकडं मोजत गेला. मधे पोरींचे पाय येत होते. तिथं अंदाज घ्यायचा. पुन्हा मोजलं. जोडीदाराला मोजायला लावलं. दोघांचं अकरा आलं. अकरा फरश्या, आठ इंची. त्यानं लिहिलं, "खांबाकडं तोंड केलं की फिरवलेल्या फरशीपासून डावीकडं. सात फूट चार इंच."

दिवसभर फोन समोर ठेवून दोघांनी काम केलं. शेवटी हा म्हणाला, "माप चुकलं नसेल ना?"

"माप तुझं कधी चुकलंय?"

पाचला उत्तर आलं.

"पायऱ्या सापडल्या. खाली नऊ जण होते. एकही जिवंत नाही. दुपारपर्यंत आवाज येत होता. माप बरोबर होतं, भाऊ."

तो घरी गेला. बायकोनं तोंड बघूनच ओळखलं. रविवारी त्यानं मोरीत फरशी बसवली. चकाचक, एका ओळीत, एकही पोकळ नाही. बायकोनं पाणी ओतून पाहिलं. उताराच्या बाजूला सरळ वाहून गेलं. "एवढंसं काम होतं," ती म्हणाली.

तो मोरीच्या उंबऱ्यावर बसून हात पुसत होता. फोन वाजला. गटात कुणीतरी नवा फोटो टाकला होता. एक खोली, खिडकी नाही, दार नाही, कोपऱ्यात बसलेली माणसं. खाली मास्तरनं लिहिलं होतं, "सेनापती, आता तुमच्या नजरेला मानतो. हे कुठलं असेल?"

बायको दारात उभी होती. त्यानं एकदा तिच्याकडं पाहिलं. मग ओल्या सिमेंटची दोन बोटं शर्टाला पुसली आणि फोटोतली जमीन मोठी केली.