पंधरा गुणांचा चीन

मी मेहकरच्या कॉलेजात आधुनिक चीनचा इतिहास शिकवायचे, हे सांगितलं की आमचे नातेवाईक आधी हसतात आणि मग विचारतात, "काऊन?" मला तरी कुठं माहीत होतं काऊन! बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला तो ऐच्छिक पेपर होता. दुसरा ऐच्छिक पेपर शिकवणारे सर निवृत्त झाले, त्यांची जागा काही भरली गेली नाही, म्हणजे ऐच्छिक कसलं डोंबलाचं! सगळ्यांनी निमूट चीन घ्यायचा. त्रेचाळीस विद्यार्थी आणि एक मी, असे चव्वेचाळीस जण नाइलाजाने चीनमध्ये जाऊन बसलो.

पहिल्याच तासाला मी फळ्यावर नियम लिहिले. लेखी परीक्षा ऐंशीची, अंतर्गत मूल्यमापन वीसचं. वीसपैकी हजेरीचे पाच, निबंधाचे पंधरा. अंतर्गतमध्ये वेगळं पास व्हायचं, त्याला आठ गुण लागतात, म्हणजे निबंधात शून्य मिळालं की वर्ष गेलं. निबंध आपल्या हाताने, आपल्या भाषेत, आपल्या भागातलं एक उदाहरण देऊन लिहायचा. दोन निबंध सारखे निघाले तर दोघांनाही शून्य. कोणी कोणाचा पाहिला, याची चौकशी मी करत बसणार नाही. या शेवटच्या वाक्याखाली मी दोन रेघा ओढल्या. फार अभिमान होता मला त्या वाक्याचा.

मागच्या बाकावरून लगेच हात वर. "म्याडम, किती पानं लिवा लागते?"

"पानं मोजू नका. डोकं वापरा."

"हाव म्याडम. पण किती पानं?"

मी कपाळाला हात लावला. दुसऱ्याने विचारलं, गाईडातलं चालते का. तिसऱ्याने विचारलं, पाच मार्कांची हजेरी म्हणजे रोज या लागते का. तासाला एक माणूस मला अफूचं युद्ध कशामुळे झालं हे विचारेल तर शपथ!

एक होती विचारणारी. पहिल्या बाकावर एक बाई बसायच्या, अडतीस वर्षांच्या, जानेफळकडच्या एका खेड्यातल्या, दोन लेकरांच्या आई. सगळा वर्ग त्यांना ताई म्हणायचा, मीही. कुठल्या तरी मालाच्या गाडीत बसून त्या भल्या पहाटे मेहकरला उतरायच्या आणि शिपाई कुलूप काढायला येईपर्यंत कॉलेजच्या पायरीवर पुस्तक उघडून बसायच्या. गाडीत काय माल असतो, हे मी कधी विचारलं नाही. त्यांची हजेरी पूर्ण. अंगणवाडीच्या पर्यवेक्षिकेच्या जागा निघणार होत्या, त्याला पदवी लागत होती, आणि वयाची अट पुढच्या साली त्यांना बाहेर काढणार होती. एकदा वऱ्हांड्यात थांबून त्यांनी मला सांगितलं, "म्याडम, मले या साली सुटाच लागते. यंदा नाही तं मंग नाहीच."

"नियमाने अभ्यास करा, सुटाल," मी म्हणाले. कसं बोलून जातो आपण!

निबंधाचा विषय होता, अफूच्या युद्धाची कारणं. कागद आले आणि एका रविवारी दुपारी मी गठ्ठा घेऊन बसले. पहिला निबंध एका सोनाराच्या मुलाचा. वाचायला लागले आणि चाटच पडले. लिहिलं होतं, कँटन बंदरात परदेशी व्यापाऱ्याला हव्या त्या माणसाशी सौदा करता येत नव्हता, सरकारने ठरवून दिलेल्या मोजक्या व्यापाऱ्यांकडेच जावं लागत होतं. मग पुढे होतं: "आम्ही घरची मेथी बाजारात नेतो तेव्हा असंच होते. जुडी आमची, पण तिच्यावर पहिला हात अडत्याचा. राग येतो. पण राग आला म्हणून दुसऱ्याच्या घरात जहर नेऊन विकावं का?"

मी उठून चहा ठेवला, इतका आनंद झाला मला. इतकी वर्षं घसा कोरडा केला त्याचं चीज झालं असं वाटलं. चौदा गुण दिले.

दुसरा निबंध एसटीतल्या कंडक्टरच्या मुलीचा. तिच्याही घरची मेथी. तिसऱ्याच्या बापाचं मोबाइलचं दुकान, त्याचीही मेथी, त्याच्याही जुडीवर अडत्याचा हात. आणि आता नीट पाहिलं तर पहिल्यासकट प्रत्येकाच्या निबंधात अगदी ओळीच्या मध्ये दोन शब्द: "राग येतो. मागे पहा पण राग आला म्हणून दुसऱ्याच्या घरात." अरे, पानाच्या तळाशी लिहायचं असतं ते, पान उलटा म्हणून! कोणाच्या तरी पानाच्या तळाशी होतं, ते या शहाण्यांनी निबंधाचा भाग समजून उतरवलं होतं. एकाच्याही डोक्यात आलं नाही की हे वाक्यात काय करतंय.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सोनाराच्या पोराचे चौदा मी इतक्या जोरात खोडले की कागद फाटला. माझी खात्रीच झाली, हे मोबाइलकडून लिहून घेतलेलं आहे. आजकाल मोबाइलला सांगितलं की तो मेथीही पिकवतो. पुढचे निबंध मी वाचलेच नाहीत. पहिल्या पानावर मेथी दिसली की शून्य, हजेरी क्रमांक पाहायचा, तक्त्यात भोपळा काढायचा. दोघांनी निबंध दिलाच नव्हता. एकाने चुकून जपानवर लिहिलं होतं, त्याला मी बारा दिले, कारण त्याने निदान मेथी तरी विकली नव्हती.

प्राचार्यांनी तक्ता पाहून चष्मा काढला. "म्याडम, एक सोडून सगळा वर्ग नापास? आणि जो पास, तो जपानात?"

शेवटी तोडगा निघाला. मंगळवारी सगळ्यांनी माझ्यासमोर बसून निबंध पुन्हा लिहायचा. मी वर्गात गेले आणि चांगला अर्धा तास तोंडाचा पट्टा सोडला. "मंगळवारी मेथी हा शब्द दिसला तर कागद फाडून फेकीन," असं म्हणाले. पोरं माना खाली घालून बसली होती. ताईंनी अर्धवट हात वर केला.

"मंग काय लिवायचं, म्याडम?"

"पुस्तकात आहे ते लिहा! पोरांचं एक वेळ सोडा. तुमच्यासारख्या समजदार बाईने हे करावं?"

वर्ग एकदम चिडीचूप झाला. मला वाटलं, लागलं बोलणं. ताईंनी खाली बसून वही मिटली.

मंगळवारी त्यांनी सर्वांत आधी कागद दिला. सात कारणं, सात मथळे, प्रत्येकाखाली चार ओळी, काना-मात्रेसकट गाईडासारखं. मी खूश होऊन अकरा गुण दिले आणि शेजारी लिहिलं, "आता कसं!" बाकीच्यांना आठ ते दहाच्या मध्ये बसवलं. गुण संगणकावर भरले, विद्यापीठाकडे गेले, विषय संपला. आता त्यात बदल करायचा म्हणजे ब्रह्मदेवही आला तरी शक्य नव्हतं.

निकाल लागल्यावर सोनाराचा मुलगा दाखल्यावर सही घ्यायला आला. मी त्याला डिवचलं. "काय रे, मेथी कशी आहे यंदा?"

तो हसला. "आमची कुठली मेथी, म्याडम? ते तं ताईची. आम्ही सगळ्यायनं त्यायच्या वहीवरून उतरवलं."

"आणि त्यांनी दिली वही?"

"मागितली तं देतेच त्या. वर्गातल्याले नाही कसं म्हणतीन?"

"अरे, मग तेव्हा तोंड शिवलं होतं का तुझं?"

"तुम्हीच म्हणलं होतं न, कोणी कोणाचा पाहिला याची चौकशी करनार नाही म्हणून." त्याने हे अगदी भोळेपणाने सांगितलं. सही घेऊन गेला.

मी कपाट उघडून गठ्ठा काढला. ताईंचा निबंध बराच खाली होता. त्यातलं "मागे पहा" पानाच्या तळाशी, उजव्या कोपऱ्यात, जिथं असायला हवं तिथं होतं. पान उलटलं. पुढे आणखी एक पान होतं, जे बाकीच्यांनी कंटाळून उतरवलंच नव्हतं. त्यावर चार ओळी होत्या: "अफूने घरंच्या घरं बुडाली असं पुस्तकात आहे. माणूस अफू घेऊन पडला तेव्हा त्या घरातल्या बाईनं काय केलं, लेकरं कशी जगवली, हे कुठंच सापडलं नाही. मी दोन पुस्तकं पाहिली. हे म्याडमले विचारायचं आहे."

मी स्टाफरूममध्ये एकटी होते म्हणून बरं. मला माझीच इतकी चीड आली की दारावर डोकं आपटावंसं वाटलं. जन्मभर ज्या एका प्रश्नासाठी वर्गात ओरडत आले, तो प्रश्न माझ्याच कपाटात पडून होता, आणि त्याच्या पहिल्या पानावर माझ्याच अक्षरात शून्य होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाजीबाजारात गेले. हर्रासी संपत आली होती, शेवटच्या ढिगांवर बोली चालू होती. ताई गाडीजवळ रिकाम्या पोत्यांच्या घड्या घालत होत्या. मला पाहून पदराने हात पुसले.

"म्याडम! मी पास झाली न. पर्यवेक्षिकेचा फॉर्मबी भरला, आता त्याची मोठी परीक्षा हाय."

मी निबंध पुढे केला. म्हणाले, माझं चुकलं. मी वाचलंच नाही. वाचलं असतं तर पंधरापैकी पंधरा दिले असते. मंगळवारी सर्वांसमोर जे बोलले, त्याची मला लाज वाटते.

"असं काऊन म्हणता? वही तं मीच देली न त्यायले. दोघायले शून्य, हा नियमच होता."

"आणि हा शेवटचा प्रश्न? तो का नाही विचारला मला?"

त्यांनी ते पान पाहिलं. आपणच लिहिलेलं, पण दुसऱ्या कोणाचं असावं तसं पाहिलं. मग घडी करून माझ्या हातात परत दिलं. माझा चेहरा फारच उतरला असावा, कारण त्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला.

"तुम्ही काळजी नका करू, म्याडम," त्या मला समजावत म्हणाल्या. "मोठ्या परीक्षेत मी असं माह्या मनचं काहीच लिवणार नाही."