काकूचं हसणं

आमचे काका रेकॉर्डिस्ट. जन्मभर दुसऱ्यांचे आवाज जपले, पण घरात काकूचा आवाज एकदाही टेप केला नाही. ती काय, समोरच असते की, म्हणायचे.

काकूचं हसणं तेवढं एका गाण्यात राहिलं. आज लोकांनी डोक्यावर घेतलेला तो रॉक बँड तेव्हा चार फाटक्या पोरांचा होता. एकदा काकू डबा घेऊन स्टुडिओत गेली. रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागलेला, म्हणून तोंडावर हात ठेवून कोपऱ्यात उभी राहिली. गाणं संपता संपता ड्रमवाल्याची काठी सटकून गायकाच्या डोक्यात बसली आणि काकूला राहवलंच नाही. पोरांनी ते हसणं तसंच ठेवलं. गाणं तुफान चाललं. काकू गेल्यावर काका रोज न्हाव्याकडे दाढीला जायला लागले, कारण तिथे ते गाणं हमखास लागायचं.

मग बँडचं आणि रेकॉर्ड कंपनीचं फाटलं. गाणी कुणाची, यावरून कोर्टकचेऱ्या झाल्या. शेवटी बँडने ठरवलं, जुनी गाणी नव्याने रेकॉर्ड करायची आणि कंपनीच्या गाण्यांना कुत्रं विचारणार नाही असं करायचं. हुबेहूब हवीत म्हणून काकांनाच बोलावलं. काका भिडस्त, त्यात पोरं डोळ्यांसमोर वाढलेली. काकांनी एवढंच मागितलं, की जुनं हसणं तेवढं राहू द्या. त्यासाठी स्वतः कंपनीत जाऊन आले. साहेबाने पाणी विचारलं आणि सांगितलं, हसणंसुद्धा कंपनीच्या मालकीचं आहे. मेल्यांनो, बाई आमची होती! आणि बँड तरी काय, त्याच माळेचा मणी.

बँडने हसायला एक मुलगी आणली. पोर गोड होती, पण तिला काही केल्या जमेना. शेवटी काकाच काचेअलीकडून माइकवर म्हणाले, "पोरी, आधी तोंड दाबून धर. नाकातून निसटू दे. मग सोड."

तिने तसं केलं. मी काकांच्या मागेच बसले होते. साक्षात काकू. पोरांनी टाळ्या पिटल्या. रेकॉर्डिंगचं बटण काकांनी दाबलंच नव्हतं.

"काका, परत एकदा घेऊ या," गायक हळूच म्हणाला.

"तुम्ही घ्या रे. माझ्याच्याने नाही व्हायचं," म्हणून काका उठले.

बटण मग दुसऱ्या कुणी दाबलं. नवं गाणं जुन्याहून जास्त चाललं. न्हाव्याकडेही आता तेच लागतं. कुणाला फरक कळत नाही. काका हल्ली दाढी घरीच करतात.